जमल्यास, हरकत नसल्यास

फाल्गुन लागला की माझं ऑफिसात चित्त थाऱ्यावर नसतं. खुर्चीत बसलेली असते, समोर कॉम्प्युटर उघडा असतो, बोटं आकडे भरत असतात, पण टेबलाखाली पाय सारखे हलत असतात. महाडला एव्हाना उन्हाने ताव धरलेला असतो. पुलाखाली सावित्री आटत आटत हिरवट डबक्यांवर येते. एमआयडीसीतला आंबूस वास दुपारी जड होऊन खाली बसतो, आणि त्यातूनच कधीतरी डोंगराकडून धुराचा वास येतो. भाताच्या रोपांसाठी वाफ्यांवर पालापाचोळा पसरून जाळतात, त्या भाजावळीचा. तो वास खिडकीतून आला की मी उठते, पाणी पिऊन येते आणि परत बसते. तहान लागलेली नसतेच.

आमच्याकडे शिमगा आणि मार्च एण्ड हातात हात घालून येतात. आर्थिक वर्ष ज्यांनी ठरवलं ते कोकणातले नसणार, एवढं नक्की. तिकडे वह्या बंद करायच्या, माल मोजायचा, ऑडिटवाल्यांना चहा पाजायचा. आणि इकडे ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघरी यायची. पालखी दारात आली आणि दाराला कडी, हे आमच्यात चालत नाही. घरातलं कोणीतरी उंबऱ्यात उभं लागतं, ओटी भरायला, नारळ द्यायला. मग मुंबईचे चाकरमानी गाड्या करून येतात, आणि इथेच नोकरीला असणारे आमच्यासारखे लोक साहेबांच्या केबिनबाहेर घुटमळत राहतात.

आज सकाळी तन्वीचा मेसेज आला. तन्वी म्हणजे आमच्या डिस्पॅचला नवीन लागलेली मुलगी, तुडील गावची. मेसेज इंग्रजीत, तीन परिच्छेद. मी कुशल असेन अशी आशा होती, माझ्या मार्गदर्शनाबद्दल कृतज्ञता होती, विभागाच्या उद्दिष्टांशी बांधिलकी होती. मोबाइलला सांगितलं की हल्ली तो असं छान लिहून देतो म्हणे. मी वरून खाली वाचला, खालून वर वाचला. त्यात तन्वी मला कुठेच सापडली नाही, आणि तिला काय हवंय तेही. मला उगाचच राग आला. तिचा नव्हे. तसाच एक मेसेज मीही एकदा लिहिला होता, त्याचा.

तेव्हा ऑफिसला निंबाळे साहेब होते. सोलापूरकडचे, मनाने चांगले, शिस्तीचे. कोकणात नवीन. पहिल्याच वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, “होळी म्हणजे एकच दिवस ना हो?” मी म्हटलं, “सर, होळी एक दिवस. शिमगा संपेल तेव्हा संपतो.” त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

त्याच वर्षी आमच्या मेंटेनन्सचा फिटर सखाराम त्यांच्या केबिनमध्ये शिरला आणि उभ्या उभ्या म्हणाला, “साहेब, पालखीला जातोय. आलो की येतो.” आणि गेला. त्याच्या मते त्याने परवानगी घेतली होती. साहेबांच्या मते त्याने कळवलं होतं, तेही उद्धटपणे. त्या दिवशी पंप बंद पडला आणि पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी साहेबांनी आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून तासभर समजावलं. मागणी करू नका, विनंती करा. समोरच्याची अडचण आधी समजून घ्या, मग आपली मांडा. ‘पाहिजे’ म्हणू नका, ‘मिळाल्यास बरं होईल’ म्हणा. आणि जे काही सांगायचं ते ईमेलवर.

सखाराम बाहेर येऊन मला म्हणाला, “ताई, मला काय कळला नाय. पायजे ती गोष्ट पायजे नाय म्हणून सांगायची?”

“तसं नाय रे. गोड करून सांगायची.”

“मग तुमीच द्या गोड करून.”

तिथून माझ्या टेबलाशी रांग लागली. फिटर, पॅकिंगवाले, ड्रायव्हर, सिक्युरिटीतले दोघे. मी प्रत्येकाला आधी विचारायची, नेमकं काय पायजे तुला? कधीपासून? पालखी कधी येणार घरी? तुझ्या जागी कोण उभा राहील? मग लिहायची. सुरुवातीला साहेबांच्या अडचणीची जाणीव, मधे तारीख आणि कारण, शेवटी आभार. सगळ्यांच्या रजा मंजूर झाल्या. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की या लोकांची भाषा एका महिन्यात किती सुधारली. मी मान डोलावली. मला त्या कामाचा गर्व होता, अजूनही थोडा आहे.

हे गोड करून सांगणं मी कुठल्या वर्गात शिकले नव्हते. ते माहेरचं होतं. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी, आणि त्या वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या बाबांचा. पालखी अंगणात टेकली की सगळ्या गावासाठी देवाकडे मागायचं, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. बाबा एरवी कमी बोलायचे. पण त्या दिवशी अंगात सदरा घालून पालखीसमोर उभे राहिले की त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा. आधी ग्रामदेवी जननीला हाक, मग वाघजाईला, भैरवाला, वेशीवरच्या, पाणवठ्यावरच्या, ज्याचं नाव कोणाला ठाऊक नाही अशा राखणदारालाही. मग लेकरांचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. मग तुझी पालखी आम्ही आजा-पणजापासून नाचवत आलो, याची आठवण. प्रत्येक वाक्याला अंगणातून सगळे म्हणायचे, “हो महाराजा.” मी ओसरीच्या खांबाला धरून ऐकायची आणि मला वाटायचं, असं कोणी आपल्याशी बोललं तर आपण काहीही देऊन टाकू.

माणसांशीही ते तसेच बोलायचे. ओढ्यावरची मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल, वाहून गेली तेव्हा वाडीतले लोक बाबांना पुढे घालून तालुक्याच्या ऑफिसात गेले. मीही हट्टाने गेले होते. बाबांनी साहेबाला आधी त्याचं गाव विचारलं, मग तिकडे पाऊस कसा असतो ते, मग त्याच्या टेबलावरच्या कागदांच्या ढिगाकडे बघून हळहळले. साहेबाने स्वतः उठून खुर्ची दिली. खुर्चीत बसल्यावर बाबा म्हणाले, “साहेब, मोरी पायजे. पावसाच्या आत.” आणि गप्प बसले. मला त्यातलं आधीचं सगळं फार आवडलं होतं. मी घरी येऊन आईला तेच करून दाखवलं.

ज्या शिमग्याचं मी सांगतेय, त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. महाडला दवाखान्यात होते, मग माझ्या घरी. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण वाचा गेली ती गेली. अगदीच गेली नाही. शब्द यायचे, पण मोडके, तोंडातल्या तोंडात अडकलेले. दुसऱ्याला नुसती घरघर वाटायची. मला कळायचं. रोज भरवताना, अंग पुसताना कान तयार झाला होता. आईलाही निम्मंच समजायचं, ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायची.

शिमगा जवळ आला तसे ते वाडीवर जायचं म्हणून अडून बसले. त्यांना नेऊन सोडलं. मुंबईहून चुलतभाऊ दिलीप आधीच आला होता. तो म्हणाला, या वर्षी गाऱ्हाणं मी घालतो, मोबाइलमध्ये लिहून घेतलंय सगळं. कोणाची हरकत नव्हती. बाबांची होती. त्यांनी काठी आपटली. माणूस उभा राहू शकतो तोवर मान त्याचा, हे वाडीलाही मान्य. पण तो उभा राहिला आणि त्याचं बोलणं कोणालाच कळलं नाही तर? सगळ्या अंगणासमोर, पाहुण्यांसमोर, पोरं फिदीफिदी हसली तर?

आईचा फोन आला. “गो, पालखीच्या दिवशी तू हवीस. बाबा सारखं तुझंच नाव घेतायत. थांब, त्यांच्याच कानाला लावते.” पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग बाबा म्हणाले, “तू पायजेस.”

मी फोन ठेवला आणि ईमेल लिहायला बसले. इतरांची विनंती मी चहा थंड व्हायच्या आत लिहायची. माझ्या स्वतःच्या विनंतीला अख्खी दुपार गेली. पालखीचा दिवस आणि ऑडिटवाले गोदामात यायचा दिवस एकच होता. मी लिहिलं की वर्षअखेरच्या कामाचं महत्त्व मी पूर्णपणे जाणते. ऑडिटला माझी उपस्थिती आवश्यक आहे याची मला कल्पना आहे. तरीही जमल्यास, आणि आपली हरकत नसल्यास, त्या दिवशी दुपारनंतर थोडा वेळ मिळू शकला तर घरगुती कार्यक्रमाला हजर राहता येईल. तथापि कामाला प्राधान्य आहेच, आणि शक्य न झाल्यास माझी काही तक्रार असणार नाही. परत वाचलं तेव्हा ‘वडील’ हा शब्द फार भावनिक वाटला, ऑफिसच्या पत्राला शोभेना, म्हणून तो काढून ‘घरगुती कार्यक्रम’ केलेला मला चांगला आठवतो.

साहेबांचं उत्तर लगेच आलं. ‘तुमच्या समजूतदारपणाबद्दल मनापासून आभार. ऑडिटचं सगळं तुमच्यावर सोपवतो.’

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ते नाही म्हणाले नव्हते. मी काही मागितलंच नव्हतं, तर ते नाही कशाला म्हणतील? उलट मी किती मोठ्या मनाने घरचा कार्यक्रम सोडतेय, असंच त्यांना वाचताना वाटलं असणार. आता पुन्हा जाऊन काय सांगायचं? पुढचे दिवस मी नुसती येरझाऱ्या घालत होते. केबिनच्या दारापर्यंत जायचे, कोणीतरी आत असायचं, परत यायचे. स्वयंपाक करताना मनात वाक्यं जुळवायचे, आणि भाजी लागायची. सखाराम जाताना सांगायला आला, “ताई, मी निघतो. तुमी कधी?” मी म्हटलं, “बघते.” त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

हे सगळं आज सकाळी तन्वीचा मेसेज हातात धरून आठवत होतं. आता त्या केबिनमध्ये मी बसते. निंबाळे साहेब केव्हाच बदलून गेले. मी उठले आणि डिस्पॅचला तिच्या टेबलाशीच गेले. ती धडपडून उभी राहिली.

“मॅडम, मेसेजमध्ये काही चुकलं का? म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर, आणि काही प्रॉब्लेम नसेल तर मी...”

“चुकलं काही नाही. तुला काय पाहिजे ते सांग.”

तिची मान खाली. मी खुर्ची ओढून बसले. बाहेर ट्रकमध्ये ड्रम चढत होते, त्यांचा दणदणाट थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच.

“गुरुवारी आमच्याकडे पालखी हाय,” ती शेवटी म्हणाली. तिची भाषा एकदम घरची झाली. “घरात आई एकटीच. तिला उभं राहवत नाय. मला जायचंय.”

“जा मग.”

“मेसेज परत लिहू?”

“नको. कळलं मला.”

तिच्या जागी कोणाला बसवायचं ते आम्ही तिथेच ठरवलं. परत येताना माझे पाय अजूनच अस्वस्थ. तिला दोन शब्दांत मोकळी केली, पण ती मेसेज लिहिताना किती घाबरली असेल ते दिसत होतं. नम्रता वाईट नाही. मी आजही हाताखालच्या मुलांना सांगते, आवाज चढवू नका, समोरच्याची अडचण ओळखा. पण भीतीनेही नम्रतेचेच कपडे घातलेले असतात, आणि बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. मला स्वतःलाही पुष्कळदा ओळखू येत नाहीत. इतरांसाठी लिहिताना मी आधी विचारायचे, तुला नेमकं काय पायजे? स्वतःला हे विचारायची मला सवयच नव्हती. बाबांकडून मी हाका उचलल्या, आठवणी, आर्जव, सगळं उचललं. खुर्चीत बसल्यावरचं ते एक वाक्य तेवढं राहून गेलं.

त्या वर्षी पालखीच्या दिवशी दुपारी मी गोदामात होते. ऑडिटवाली दोन पोरं ड्रम मोजत होती, मी टिपून घेत होते. पत्र्याचं छप्पर तापून कडकड वाजत होतं. ऊन कललं की पालखी आमच्या वाडीत चढणार. भाजावळीचा वास आत आला, आणि पहिल्यांदा मी पाणी प्यायला गेले नाही. तशीच केबिनमध्ये गेले.

साहेब फोनवर होते. हाताने बसा म्हणाले. मी बसले नाही, बसले असते तर परत गोड बोलायला लागले असते. त्यांनी फोन ठेवला.

“सर, माझ्या वडिलांना बोलता येत नाही. आज त्यांना सगळ्या गावासमोर बोलायचंय. त्यांचं बोलणं फक्त मला कळतं. मला आत्ता जायचंय.”

साहेब म्हणाले, “अहो, आधी नाही का सांगायचं?”

“सांगितलं होतं, सर.”

त्यांनी माझा ईमेल उघडला. चष्मा वर करून वाचला. मग पडदा माझ्याकडे वळवला आणि अगदी मनापासून, जराही टोमणा न मारता विचारलं, “यात कुठंय?”

मला रडू आलं. साहेब गडबडून उठले, पाण्याचा ग्लास पुढे केला, मग तो तिथेच ठेवून म्हणाले, “जा तुम्ही. ऑडिट मी बघतो. जा, जा.”

एसटीने पोलादपूरला उतरले. वर जाणारी जीप स्टँडबाहेर उभी होती, अर्धी रिकामी. भरल्याशिवाय ती हलत नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. एरवी मी कोपऱ्यात अंग चोरून बसले असते. त्या दिवशी ड्रायव्हरला म्हटलं, “दादा, आत्ता काढा गाडी. पालखी यायच्या आत मला वर पोचायचंय, बाबांचं गाऱ्हाणं हाय.” त्याने चहाचा कप खाली ठेवला. “आधी बोलायचं ना, ताय,” म्हणाला आणि चावी फिरवली. घाटात पांगारे लालभडक फुलले होते. प्रत्येक वळणाला मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरत होते.

पोचले तेव्हा ढोल थांबला होता आणि पालखी अंगणात टेकलेली होती. म्हणजे उशीर झाला होता, पण अगदीच झाला नव्हता. बाबा उभे होते. एका बगलेत काठी, दुसऱ्या बगलेत आई. दिलीप शेजारी मोबाइल हातात घेऊन तयार. बाबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. त्यांचे डोळे गर्दीवरून फिरत होते. मला पाहिलं आणि थांबले. मी चपला कुठे काढल्या ते आठवत नाही. आई बाजूला झाली, मी तिच्या जागी उभी राहिले.

बाबा घरघरले. मी मोठ्याने म्हटलं, “आई जननी.” बाईच्या आवाजात गाऱ्हाणं त्या अंगणाने ऐकलं नव्हतं. मागून एका म्हाताऱ्याने आधी म्हटलं, “हो महाराजा,” आणि मग सगळ्यांनी. बाबांनी वाघजाईला हाक घातली, मी ती पोचवली. भैरवाला, राखणदाराला. चुकलंमाकलं पोटात घाल. गुराढोरांना राख, मुंबईतल्या लेकरांना राख. त्यांचा एकेक शब्द मोडून यायचा आणि मी तो जोडून पुढे द्यायची. प्रत्येकाला “हो महाराजा” येत होतं. दिलीपने मोबाइल खिशात घातला.

मग बाबा थांबले. गाऱ्हाणं तिथे संपतं, नारळ फुटतो. पण त्यांनी हात वर करून नारळवाल्याला थोपवलं आणि पालखीकडे बघत आणखी काही म्हणाले. मला कळलं. कळलं म्हणूनच तोंडातून निघेना. गावासाठी मागताना स्वतःसाठी मागायचं नसतं, ही रीत त्यांनीच मला सांगितलेली. मी सावरून म्हटलं, “आणि महाराजा, तुझ्या मनात असंल तर, जमलं तर, ह्या लेकराकडे पण जरा...”

बाबांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने, बोटं रुतली इतकं घट्ट. “नाय,” ते म्हणाले. एवढं सगळ्यांनाच कळलं. “तसं नाय.” आणि पुन्हा तेच शब्द म्हणाले, माझ्या तोंडाकडे बघत, मी जसेच्या तसे सांगेपर्यंत मला न सोडता.

मी म्हटलं, “मला बोलता येऊ दे.”

आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मग सगळ्या अंगणातून, आधी कधी ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्याने, “हो महाराजा” आलं. बाबांनी माझं मनगट सोडलं आणि नारळ फुटला.

वाचा परत आली नाही. पुढचा शिमगा त्यांनी पाहिला, त्याच्या पुढचा नाही. पण त्या दिवसापासून ते स्वतःसाठी मागायला लागले. आधी आम्ही विचारू तेव्हा नुसती मान हलवायचे. नंतर पाणी हवं असलं की तांब्याकडे बोट, ऊन हवं असलं की दाराकडे. आणि रविवारी संध्याकाळी मी महाडला परतायला म्हणून पिशवी उचलली की माझ्याकडे.